तात्यांना ऐकू यायला हवं

बागांना पुन्हा कागद लागले. डिसेंबर निम्मा सरला की पिंपळगाव बसवंतच्या आसपास कुठल्याही शिवाररस्त्यानं जा, मांडवाखाली एकेका घडाला वर्तमानपत्र गुंडाळलेलं दिसतं. थंडी आणि ऊन दोन्ही लागलं की मणी गुलाबी पडतात आणि गुलाबी मणी परदेशी चालत नाहीत, म्हणून हा सगळा खटाटोप. नवख्या माणसाला त्याची गंमत वाटते. परवा मुंबईहून आलेली एक पाहुणी म्हणाली, "किती काळजी घेता हो तुम्ही द्राक्षांची!"

"हो," मी म्हटलं, "द्राक्षांची घेतो."

ती हसली. मी नाही हसले.

हे दिवस मला आवडत नाहीत. लोक या दिवसांबद्दल फार गोड बोलतात, सकाळचं धुकं, शेकोटी, गरम भाकरी, कोवळं ऊन. मलाही ते सगळं दिसतं, मी काही आंधळी नाही. पण डिसेंबर म्हटलं की माझ्या नाकात आधी रद्दीचा वास येतो, कानात स्टेपलर वाजायला लागतो आणि पोटात जुना राग उठून बसतो. दहा वर्षं झाली त्या गोष्टीला. आपली माणसं थकतात, आपले गुडघे दुखायला लागतात, राग मात्र ताजाच राहतो. मी त्याला वेळेवर खायला घालते, हेही खरं.

त्या वर्षी माझी मुलगी तनू सहा महिन्यांची होती. आमची स्वतःची बाग नव्हती. नवरा प्रकाश पिकअप चालवायचा आणि मी हंगामात तात्यांच्या बागेत जायचे. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे, सासऱ्यांचे थोरले भाऊ. सोसायटीचे चेअरमन, शाळेच्या समितीवर, देवळाच्या समितीवर. गावात सरकारी माणूस आला की आधी त्यांच्या ओट्यावर चहा प्यायचा आणि मगच पुढं जायचा. कुठलाही कागद गावात शिरायचा तो त्यांच्या हातून.

तनूची झोळी मी मांडवाच्या दोन लोखंडी अँगलना बांधायचे. वर पानं, मधून गळणारं ऊन, खाली झोपलेली माझी पोर. शेजारच्या ओळीतून फवारणीचा ब्लोअर जायचा. त्याचा आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच माहीत. माणूस माणसाच्या कानाला तोंड लावून ओरडला तरी कळत नाही. तनू झोपलेलीच असायची.

"लय गुणाची पोर हाय गं तुझी," बरोबरच्या बाया म्हणायच्या. "एवढा ब्लोअर गेला, पापणी नाय हलली."

आणि मला अभिमान वाटायचा! घरी जाऊन मी तिची दृष्ट काढायचे. माझ्या शांत मुलीला कुणाची नजर लागू नये म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून टाकायचे. आज ते आठवलं की वाटतं, त्या अँगलवर डोकं आपटून घ्यावं.

एका दुपारी रद्दी संपली. दोन ओळी उरल्या होत्या. तात्या घरी गेले आणि काखेत एक गठ्ठा घेऊन आले. निळसर, जाड कागद, घडी उघडली की वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा. एका बाजूनं कोरा, दुसऱ्या बाजूनं छापलेला. "हा कागद चांगला हाय, टिकंल," तात्या म्हणाले. "छपाई तेवढी आत घ्या."

छपाई आत घ्या, असं आधी कधी कुणी सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्राला दोन्ही अंगांनी छपाई असते, त्यात आत काय आणि बाहेर काय! पण मला ते खटकलं नाही. मी बारावी पास बाई. एसटीत बसले की रस्त्यावरच्या पाट्या वाचत जाणारी, भेळ खाऊन झाल्यावर पुडीचा कागद वाचणारी. त्या दिवशी मात्र माझे हात घडांना होते आणि तोंड गप्पांना. एक चित्र तेवढं डोळ्यांखालून गेलं, मांडीवर बाळ घेतलेली बाई आणि शेजारी बाळाएवढाच मोठा एक कान. कसली तरी जाहिरात असेल म्हणून मी ते चित्र आत घातलं, पिन मारली आणि पुढचा घड धरला. संध्याकाळपर्यंत गठ्ठा संपला.

नंतरची चार वर्षं मी इथं नीट लिहू शकत नाही. तुकडे आठवतात. तनू चालायला लागली, पण हाक मारल्यावर वळायची नाही. सगळं गाव सल्ले द्यायला पुढं. कुणी म्हणालं मध चाटव, कुणी म्हणालं वणीला गडावर घेऊन जा. सासूबाई म्हणायच्या, "तिचा बापबी उशिरा बोलला." तात्या तर ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बोलंल की! पोरीच्या जातीला बोलायची काय घाई हाय? पुढं जन्मभर बोलायचंच हाय." सगळे हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले होते. त्या हसण्याचं मला अजून वाईट वाटतं.

तनूला तहान लागली की ती माझा पदर ओढत माठापाशी न्यायची. तिथं पोचेपर्यंत मला कळायचं नाही की हिला पाणी हवंय, खायला हवंय की पोटात दुखतंय. मग ती चावायची. जमिनीवर कपाळ आपटायची. एकदा मी तिला मारलं. तिनं वर बघितलं. आपल्याला का मारलं हे तिला कळलं नव्हतं आणि विचारायला तिच्याजवळ एकही शब्द नव्हता. ऐकू न येणं एक वेळ चालेल. आज मला कळतं की त्यानं माणूस उणा होत नाही. पण चार वर्षं माझ्या मुलीजवळ कुठलीच भाषा नव्हती, तोंडाचीही नाही आणि हातांचीही नाही. ती घरात सगळ्यांच्या मधे असून एकटी होती.

मग गावात नवी अंगणवाडीताई आली. तिनं तनूच्या पाठीमागं उभं राहून स्टीलचं ताट वाजवलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "उद्याच्या उद्या नाशिकला न्या हिला."

नाशिकला लहान मुलांच्या तपासणीच्या केंद्रात आम्ही गेलो. बंद खोलीत तनूच्या कानांवर यंत्र लावलं. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई शांतपणे बोलल्या. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतंय. मशीन लावू, शिकवू, खुणांची भाषा शिकवू, पुष्कळ काही करता येईल. पण योजनेतून ऑपरेशन होतं त्याचं वय निघून गेलंय. "थोडं लवकर आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. त्यांचा दोष नाही. हे वाक्य त्यांना रोज कुणाला तरी सांगावं लागत असणार.

मी मान वर केली, तर त्यांच्या मागच्या भिंतीवर तेच चित्र होतं. निळसर कागद, मांडीवर बाळ, बाळाएवढा कान. आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'बाळ मोठ्या आवाजानं दचकत नाही का?' खाली सगळं होतं. कुठं यायचं, कुठल्या वारी, कुठले कागद आणायचे, काही पैसे पडत नाहीत, लवकर या.

"हा कागद कुठला?" मी तिथल्या सिस्टरला विचारलं.

"गावोगाव दिला होता ना, तीन-चार वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या. त्यांनी आमच्या गावाचं नाव विचारलं आणि आठवून म्हणाल्या, "तुमच्याकडं तर मी स्वतः आले होते. चेअरमनांच्या घरी गठ्ठा दिला. म्हणाले, घरोघर वाटतो."

माझी बोटं त्या कागदाला ओळखत होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित सोसलं असतं. अडाणीपणा, आळस, रद्दी संपली म्हणून उचललेला गठ्ठा, असं काहीतरी स्वतःला समजावलं असतं. पण त्याच दिवशी तिथल्या व्हरांड्यात मला वैशाली दिसली. वैशाली तात्यांची सून, माझी चुलत जाऊ. तिचा ओम तनूहून दोन महिन्यांनी मोठा. गावात ओमच्या डोक्यावर बारा महिने कानटोपी असायची. कान नाजूक आहेत, वारा बाधतो, असं सांगायचे. आज टोपी नव्हती. कानामागं मशीन होतं आणि केसांत चिकटलेली, ऑपरेशन झालेल्या मुलांना असते तशी एक गोल चकती. ओमनं तिचा हात ओढला आणि म्हणाला, "मम्मी, पाणी दे."

स्वच्छ म्हणाला. दोन्ही शब्द.

वैशालीनं ओमला मागं घेतलं. "तात्यांनी शपथ घातली होती, ताई," ती म्हणाली. "त्या कागदामुळंच आम्हाला ओमचं कळलं. ब्लोअर गेला तरी तनू उठत नाही हे बागेत सगळ्यांना माहीत होतं, तुम्हाला सांगू म्हणून मी मागं लागले होते. तात्या म्हणाले, दोन दोन पोरं अशी निघाली कळलं तर रक्तातच हाय म्हणतील. आपल्या पोरींना कोण करून घेईल मग? ओमचं गुपचूप करू, तनूचं देव बघंल."

म्हणजे एक कागद त्यांनी ठेवून घेतला होता. बाकीचे माझ्याच हातांनी, छपाई आत करून, माझ्या झोपलेल्या मुलीच्या डोक्यावर टांगले होते.

त्यानंतर मी मनातल्या मनात तात्यांचं काय काय केलंय ते सांगितलं तर तुम्ही माझ्या घरचा चहा घेणार नाही. छाटणीची कात्री घेऊन त्यांच्या बागेतला वेल न् वेल बुडाशी कापला. सोसायटीच्या वार्षिक सभेत उभी राहून सगळ्या गावासमोर त्यांचा फेटा उतरवला. भाकरी थापताना, भांडी घासताना, एसटीची वाट बघताना मी एकच भाषण पुन्हा पुन्हा रचायचे. पहिलं वाक्य बदलायचे, शेवटचं बदलायचे. मला त्यांचं नुकसान नको होतं, त्यांचा पैसाही नको होता. त्यांनी काय केलं ते त्यांना माझ्या तोंडून ऐकावं लागावं, त्यांनी ते टाळू नये, एवढंच हवं होतं.

पण सासूबाईंनी हात धरला. "मी हाय तोवर भावकीत वाद नको," म्हणाल्या. प्रकाशनंही मान खाली घातली. "वडीलधारे हायेत," म्हणाला. मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे तात्यांसमोर गप्प बसले. बाकी जगासमोर माझं तोंड तेव्हापासून जे सुटलंय ते अजून बंद नाही.

प्रकाशच्या पिकअपच्या मागच्या फाळक्यावर लोक नावं लिहितात, शेर लिहितात. मी पेंटरकडून लिहून घेतलं, 'बाळ मोठ्या आवाजानं दचकत नाही? थांबू नका. विचारा.' खाली माझा फोन नंबर. गाडी क्रेट घेऊन पिंपळगाव मार्केटला जाते, वणीला जाते, कधी नांदगावपर्यंत जाते. जाईल तिथून फोन येतात. कानाचेच असं नाही. कुणाचं बाळ मान धरत नाही, कुणाच्या मुलीला फिट येते, कुणाचा मुलगा नजरेला नजर देत नाही. मला सगळं कुठं येतंय! पण कुठल्या दारी जायचं ते आता माहीत झालंय. प्रमाणपत्राला कुठल्या वारी डॉक्टर बसतात, एसटीच्या सवलतीला काय लागतं, सोबत आधारची झेरॉक्स किती न्यायची, रांगेत मूल रडायला लागलं तर काय करायचं. आणि सगळ्यात आधी हे सांगते, की तुझं काही चुकलेलं नाही बाई, रड पोटभर, पण उद्याची गाडी चुकवू नको.

लोक म्हणतात, समाजसेवा. डोंबलाची समाजसेवा! एखादी आई आठ महिन्यांचं बाळ वेळेत नाशिकला घेऊन गेली असं कळलं की मी मनात म्हणते, घ्या तात्या, हे अजून एक. तुम्ही झाकलं होतं ना, हे बघा मी उघडलं. पुण्य वगैरे माझ्या डोक्यात नसतं. मला त्यात सुडाचा आनंद होतो आणि तो मी लपवत नाही.

तनू आता नाशिकला मूकबधिर मुलांच्या शाळेत आहे. सुट्टीला येते तेव्हा घरात हातांची एवढी बडबड होते की मला स्वयंपाक सुचत नाही. चावरी, कपाळ आपटणारी पोर गेली. आता ती सगळ्या गावाच्या नकला करते. तात्यांची तर अशी करते की प्रकाशलाही हसू आवरत नाही. तिच्यावर दया करायला कुणी आलं तर ती खुणेनं मला विचारते, यांना काय झालंय? माझी मुलगी झकास आहे. म्हणून हिशेब मिटला असं मात्र कुणी मला सांगू नये. ती चार वर्षं तिला कुणी परत दिलेली नाहीत.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. चौदाव्या दिवशी मी तात्यांच्या ओट्यावर गेले. ते एकटेच बसले होते. सगळं भाषण मी उभ्यानं म्हटलं, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत. शेवटी शेवटी माझा आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तात्या माझ्याकडं प्रेमानं बघत होते.

"हां, हां," ते म्हणाले. "लय चांगली बाई होती. बस, च्या घे."

त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

मला कळायला वेळ लागला. मग लक्षात आलं की वर्षभर ते असंच करत होते. कुणी काही बोललं की हसायचं, मान हलवायची, हां हां म्हणायचं. एकदा कुणी येऊन सांगितलं, पाटलांचा बैल मेला, तर म्हणाले, "बरं झालं, द्या माझ्यातर्फे नारळ." पोरं हसायची. घरातलं कुणी आता त्यांच्याशी बोलत नसे. ओरडावं लागतं, कोण ओरडणार! मुलानं मशीन आणू म्हटलं तर तात्या म्हणाले, कानात मशीन घालून मी गावात हिंडू काय, लोक काय म्हणतील.

एखादी म्हणाली असती, देवानंच केलं. मी नाही म्हणाले. मला देवाचा राग आला. इतकी वर्षं मी जे बोलायचं साठवलं ते ऐकणारे कान यानं परस्पर बंद करून टाकले. हा कसला न्याय? बहिरेपणाची शिक्षा मला नकोच होती. बहिरेपणा ही शिक्षा नाही, हे मला माझ्या पोरीनं शिकवलंय. तात्यांना ऐकू यायला हवं होतं. लख्ख ऐकू यायला हवं होतं.

मग मी कामाला लागले. ज्येष्ठांसाठी कानाच्या मशीनचं शिबिर कुठं आहे ते शोधलं. फॉर्म भरला, फोटो चिकटवले. बहिऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते मला पाठ आहे. उजेडात बसायचं, तोंडासमोर तोंड, सावकाश. रोज ओट्यावर गेले. पाटीवर लिहून दाखवलं, 'कानाचं बघू, तात्या. कुणाला कळणार नाही.' त्यातलं शेवटचं वाक्य त्यांना लागू पडलं. कुणाला कळणार नाही म्हटल्यावर ते तयार झाले.

मी रोज त्यांच्या ओट्यावर जाते हे बघून गाव म्हणालं, काय मोठं मन! वैशाली माझ्या पाया पडायला आली. मी पडू दिलं नाही, पण खरं कारणही सांगितलं नाही. पिकअपमधून जाताना दोन्ही बाजूंना कागद लावलेल्या बागा मागं जात होत्या. तात्या माझा हात धरून म्हणाले, "तू लय चांगली पोर. समदं विसरून माझं करतीस."

समदं विसरून! म्हणजे काहीतरी आहे हे त्यांना माहीत होतं. मी त्यांच्या हातातून माझा हात काढून घेतला नाही. मला त्यांना तिथवर न्यायचं होतं.

शिबिरात एक तरुण मुलगी होती, गोड स्वभावाची. तिनं तात्यांच्या कानांचं माप घेतलं, मशीन बसवलं, बारीक चक्र फिरवलं. पंखा फिरत होता. तात्यांनी दचकून वर बघितलं, पंख्याकडं. मग खुर्ची सरकली तिकडं, मग दाराकडं. त्यांचे डोळे भरून आले. मुलगी मला म्हणाली, "काकू, तुम्ही बोला काहीतरी त्यांच्याशी. रोजच्या आवाजात, ओरडू नका."

इतक्या वर्षांचं भाषण मला एका क्षणात नकोसं झालं. त्यात फार शब्द होते. मी त्यांच्या समोर खुर्ची घेतली.

"तात्या," मी म्हटलं, "तनू सहा महिन्यांची होती तेव्हाच तुम्हाला माहीत होतं. तुम्ही ओमला नेलं आणि तिला तसंच ठेवलं."

ऐकू आलं. चेहऱ्यावरून सरळ कळलं. ओठ हलले, हां हां म्हणायला लागले आणि थांबले. खोलीत ती मुलगी आमच्याकडं बघत उभी राहिली. तात्यांनी हात वर नेला, कानातलं मशीन ओढून काढलं आणि मुठीत घट्ट धरलं.

मी त्यांची मूठ उघडली. एकेक बोट करून उघडली. मशीन पदरानं पुसलं, तनूचं रोज बसवायचे तसं त्यांच्या कानात पुन्हा नीट बसवलं, आणि दुसरं वाक्य बोलायला लागले.